वारा नसताना गळणारी कयाक

२९ जुलै १९०८, नूगाक

आज माझ्या नवऱ्याच्या, बोआसच्या, नव्या कयाकला, म्हणजे त्याच्या एकट्यापुरत्या शिकारीच्या होडीला, कातडं चढलं. बोटं इतकी सुजलीत की पेन्सिल नीट धरवत नाही. पण आजचं लिहायलाच हवं, कारण आज पहिल्यांदा मी पुढे बसून शिवलं. टोकापासून सुरुवात माझी, आणि बाकीच्या चौघी माझ्या टाक्यामागे टाका घालत आल्या.

सीलचं ओलं कातडं सांगाड्यावर ताणायचं आणि ते वाळायच्या आत शिवून मोकळं व्हायचं. सुई कातड्याच्या अर्ध्या जाडीतूनच न्यायची. आरपार गेली की तिथून समुद्र आत आलाच. मी प्रत्येक टाक्यावर अंगठा फिरवून बघत होते. त्या चौघींतल्या अमालियाला ते बघवेना.

“अगं रेगीना, नवऱ्याला समुद्रात पाठवायचंय की त्याला आयुष्यभर आत कोंडून ठेवायचंय? उरक की!”

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण अंगठा फिरवायचा सोडला नाही.

सासूबाई आत बसून होत्या. दोर्ते सासूबाईंना कयाक शिवायला कोणी बोलवत नाही. बोआस रांगत होता तेव्हा सासरे समुद्रात गेले ते आलेच नाहीत. त्यांचं वल्हं सापडलं, कयाक नाही. तेव्हा सासूबाईंनीच सगळ्यांसमोर सांगितलं म्हणे, की एक टाका आरपार गेलेला आपल्याला कळला होता आणि आपण आळस केला. तेव्हापासून त्या बूट शिवतात, विजारी शिवतात, पण कयाकच्या कातड्याला हात लावत नाहीत. आज मात्र सगळ्या कॉफी पिऊन गेल्यावर त्या बाहेर आल्या आणि पूर्ण शिवणीवरून बोटं फिरवत गेल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बोलल्या काहीच नाहीत. मला राग आला. ज्यांच्या टाक्याने माणूस बुडाला त्यांनी माझे टाके तपासावेत?

ही वही बाबांनी दिली. धर्मशिक्षकाची मुलगी म्हणून मी हिच्यात वचनं उतरवावीत असं त्यांना वाटतं. वचनं बायबलात आहेतच की.

५ ऑगस्ट

जोराचा वारा, पांढऱ्या लाटा. बोआस नवी कयाक घेऊन गेला आणि दोन सील ओढत आणले. एनोक (माझा भाऊ) म्हणाला, “तुझा नवरा लाटेवर बसतो ना, तेव्हा ती लाटच घाबरते.” बोआसचे कान लाल झाले. मी मान म्हणून त्याला काळीज वाढलं, सगळ्यात मऊ तुकडा.

९ ऑगस्ट, रविवार

प्रार्थना झाल्यावर पुरुष बाहेर पडले. ऊन लख्ख, समुद्र ताटातल्या तेलासारखा. बोआस सगळ्यांच्या आधी परत आला, रिकामा.

“काय झालं?”

“पाणी येतंय आत.”

 तो उतरताच मी कयाकमध्ये हात घातला, खांद्यापर्यंत. बसायचं कातडं कोरडं. तळ कोरडा. सुकं शेवाळ आत पुसून बाहेर काढलं, ते हातात कुरकुरलं.

“कुठे आहे पाणी?”

“होतं,” तो म्हणाला आणि घरात गेला.

होतं, मग गेलं कुठे? पाणी आत येताना वाट लागते, तशी बाहेर जातानाही लागते. मी संध्याकाळभर हाच विचार करत होते.

१० ऑगस्ट

मी एक युक्ती केली. कयाक दोन ओंडक्यांवर ठेवली आणि आत बादल्यांनी पाणी ओतलं. आतून बाहेर गळालं तर बाहेरून आत येणारच, नाही का? दुपारपर्यंत खाली बसून राहिले, डासांनी फोडून काढलं. एक थेंब नाही. शिवणीचा रंगसुद्धा बदलला नाही.

सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, “एखादा टाका उसव आणि पुन्हा घाल.”

“कुठला? गळत तर नाही.”

“कुठलाही. लोकांना दिसेल असा.”

असलं बोलणं मला समजत नाही. चांगला टाका उसवायचा?

१४ ऑगस्ट

पुन्हा वारा. बोआसने सील आणला. पाण्याबद्दल एक अक्षर नाही.

१९ ऑगस्ट

आता मला हे कोडंच होऊन बसलंय. वारा असतो, लाटा कयाकवरून जातात, तेव्हा पाणी येत नाही. समुद्र झोपलेला असतो तेव्हा येतं. हे उलटं असायला हवं! मग विचार केला, वारा नसतो तेव्हा ऊन असतं. उन्हाने शिवणीला चोळलेली चरबी वितळत असेल. म्हणून उरलेल्या कातड्याचा एक तुकडा शिवला, त्याची पिशवी केली, पाणी भरून दिवसभर उन्हात टांगली. गळली नाही. अमालियाचा नवरा टोबियास जाताना म्हणाला, “रेगीना, सूप वाळत घातलंस का?”

२४ ऑगस्ट

निवांत समुद्र, सगळे पुरुष बाहेर. बोआस घरी. भाल्याचं काम काढलंय म्हणाला.

त्याच्याइतकी सुबक हत्यारं इथे कोणी करत नाही, हे मी बायको म्हणून म्हणत नाही. वाहून आलेल्या लाकडातून त्याला सरळ रेघ असलेला तुकडाच सापडतो. पुढचं हाड तो इतकं बेमालूम बसवतो की नखाला सांधा लागत नाही. आज त्याने मला दाखवलं, सीलला भाला लागला की पातं कसं सुटतं, दोरी कशी सरकत जाते, फुगवलेला कातडी फुगा पाण्यावर कसा पडतो आणि सील बुडी मारून मारून कसा थकतो. “भाला तुटत नाही, कारण तो आधीच वाकतो. इथे. बघ.” मी ते वाकवून बघितलं, पुन्हा पुन्हा. मजा वाटली. तोही हसत होता. बऱ्याच दिवसांनी.

मग बाहेरून टोबियासचा आवाज आला. तो सील ओढत परतला होता. “बोआस! भाला भिंतीवर टांगायला करतोयस का रे?”

बोआसचं हसू तिथेच विझलं.

३० ऑगस्ट

आज बातमी माझ्यापर्यंत पोचली. सगळ्यात उशिरा माझ्यापर्यंतच. म्हाताऱ्या निकोदेमुसच्या कयाकला उद्या नवं कातडं चढणार आहे. चौघींना बोलावलं, मला नाही. मी अमालियाला पाण्यापाशी गाठलं.

“मला का नाही सांगितलं?”

ती भांडं विसळत राहिली. “तुझा नवराच म्हणतो ना, पाणी येतं म्हणून? आम्ही थोडंच म्हणतो?”

“एकदा बघ तरी येऊन. कोरडी आहे.”

“अगं, मग तो कशाला म्हणेल?” मग जरा मऊ होऊन म्हणाली, “मनाला लावून घेऊ नकोस. सासूचा हात सुनेला लागला, एवढंच.”

घरी येऊन रडले. सासूबाई बूट शिवत होत्या. त्यांना न सांगता सगळं कळलं. त्यांनी आपली सुई खाली ठेवली आणि म्हणाल्या, “होय म्हण त्यांना. म्हण, चुकला माझा टाका.”

“पण चुकला नाही!”

“बाईचा टाका चुकतो गं पोरी. लोक चार दिवस बोलतात आणि तिला बूट शिवायला देतात. घर चालतं.”

मला वाटतं इतकी वर्षं त्यांनी एकटीने बोल सोसला, आता त्यांना जोडीला कोणीतरी हवंय. माणूस म्हातारपणी असा होतो का? मी काही चुकला म्हणणार नाही.

३ सप्टेंबर

आता जे लिहिते ते लिहायला लाज वाटते. बोआस हल्ली निवांत दिवशीही जातो, पण सगळ्यांपासून वेगळा. संध्याकाळी येतो तो रिकामा. एकदा त्याच्या बाहीला काळ्या बोरांचा डाग होता. समुद्रात बोरं कुठली? टेकडीपलीकडे ती विधवा रेबेका राहते, तिच्या हातचं खाणं सगळ्यांना आवडतं.  नुसतं डोक्यात येऊन बसलंय.

५ सप्टेंबर

टोपली घेऊन बोरं वेचायला म्हणून टेकडीवर चढले. खरं तर बघायला.

रेबेकाच्या घरापाशी एकही कयाक नव्हती. बोआस मला सापडला तो खाडीच्या तोंडाशी, एका सपाट खडकावर. कयाक वर ओढलेली. तो पाण्याकडे पाठ करून, भिंतीकडे बघावं तसा दगडाकडे बघत बसला होता. मी टोपली अर्धी भरेपर्यंत तो हलला नाही. मध्ये हात लांब करून फटीतली दोन बोरं तोडून खाल्ली.

दुपारनंतर वारा सुटला, पाण्यावर सुरकुत्या आल्या, तसा तो उठला, कयाक पाण्यात ढकलली आणि कसलेल्या शिकाऱ्यासारखा सरळ घरी आला.

बाई नाही म्हणून आधी मला हसू आलं. मग आलं नाही. पाण्याकडे पाठ करून का बसायचं? त्याला विचारावं, तर मी मागावर गेले होते हे सांगावं लागेल.

८ सप्टेंबर

कोडं सोडवायचा एकच रस्ता उरला. मी स्वतः आत बसून बघायचं. एनोकला म्हटलं, “मला कयाक चालवायला शिकव.”

तो हसून हसून खाली बसला. “आणि बोआसला शिवणकाम शिकवू का?”

पण माझा भाऊ मनाचा चांगला आहे. त्याची जुनी कयाक अरुंद आहे, मला नीट बसते. त्याने मागच्या टोकाला दोरी बांधली, दोरीचं दुसरं टोक हातात धरून किनाऱ्यावर उभा राहिला, कुत्र्याला फिरवावं तसा. मी तीनदा उलटले. पाणी नाकातून डोक्यात गेलं. चौथ्यांदा कंबर सैल सोडली आणि कळलं की कयाक आपण बसायची वस्तूच नाही, ती नेसायची वस्तू आहे. खालचं अर्धं अंग तिचं आणि वरचं आपलं.

सगळी पोरंबाळं जमली होती. अमालिया ओरडली, “रेगीना, सील आणलास तर मिशा पण वाढव!”

बोआस खाडीत मासे धरायला गेला होता, त्याला हे कळलं संध्याकाळी. म्हणाला, “दोरी सोडू नकोस.” एवढंच.

१६ सप्टेंबर

रोज थोडी थोडी जाते. दोरी सुटली. खाडीच्या आत, किनारा धरून. आजचा दिवस निवांत होता. बोआस झोपला होता म्हणून मी त्याचीच कयाक पाण्यात नेली. ती मला ढिली होते, पण मला चालवायची नव्हती, नुसतं बसून बघायचं होतं.

बसले. कोरडी. हवी तेवढी कोरडी. मग मान वर केली, आणि पाणी नव्हतंच! खाली आभाळ, वर आभाळ, डोंगर दोन्हीकडून लटकलेले. कयाकचं टोक कशावर टेकलंय तेच समजेना. मला वाटलं, पक्ष्याला असं वाटत असेल. मी हसले मोठ्याने.

तेवढ्यात किनाऱ्यावरून बोआस ओरडला, “उतर! उतर आधी तिथून!” तो माझ्यावर कधी ओरडत नाही. आले तर त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्याने मला दंडाला धरून ओढून बाहेर काढलं.

“भरली होती ना?” म्हणाला.

“नाही. कोरडी आहे. हात घालून बघ.”

त्याने हात घातला नाही.

२२ सप्टेंबर

शरदातले सील उत्तरेकडून यायला लागलेत. हे दोन-तीन आठवडे हातचे गेले तर हिवाळ्यात दिव्याला चरबी नाही, आणि अंथरुणात सगळ्यांनी एकमेकांना चिकटून बसायचं. सगळ्यांच्या घरापुढे मांस टांगलंय. आमच्याकडे फक्त वाऱ्याच्या दिवसांचं. आणि वारा पडलाय तो उठतच नाही.

संध्याकाळी टोबियास सगळ्यांसमोर म्हणाला, “उद्या माझ्या बायकोने शिवलेली कयाक देतो तुला, बोआस. तिच्यात पाणी येत नाही. की तिच्यातही येईल?”

बोआस म्हणाला, “उद्या जातो मी. माझ्याच कयाकमधून.”

सासूबाई रात्री जेवल्या नाहीत.

२३ सप्टेंबर

कसं लिहू. एकेक करून लिहिते.

सकाळी सगळे गेले. समुद्र असा की माशी बसली तर दिसेल. सासूबाई पहाटेपासून बाहेरच उभ्या. दुपारी टोबियास मोठा सील ओढत परतला.

“बोआस कुठे आहे?” मी विचारलं.

“खाडीच्या तोंडाबाहेर. हाक मारली तर बोलला नाही. सील टेहळत असेल म्हणून मी पण गप्प आलो. पुतळ्यासारखा बसलाय.”

सासूबाईंनी माझा हात धरला. त्यांची बोटं माझ्या मनगटात रुतली. “जा कोणीतरी. त्याच्या शेजारी जा. नुसतं शेजारी जायचंय.”

टोबियास म्हणाला, “काय झालंय त्याला? येईल की,” आणि कयाकला बांधलेला सील सोडवायला वाकला. एनोक दूर सीलच्या मागे होता. म्हातारा निकोदेमुस उठला, पण त्याची कयाक वाळत उलटी टांगलेली. मी एनोकचा जुना डगला अंगात घातला, त्याची जुनी कयाक ढकलली आणि निघाले. मी कधी खाडीबाहेर गेले नव्हते. हे मला बाहेर गेल्यावर आठवलं.

तो दिसला. पाठ ताठ, वल्हं आडवं धरलेलं, डोळे कयाकच्या टोकावर. भाल्याच्या टप्प्यात एक सील डोकं वर काढून त्याच्याकडे बघत होता. त्याने सीलकडे बघितलं नाही. घाम मात्र हनुवटीवरून गळत होता.

“बोआस.”

“हलू नकोस.” ओठ न हलवता बोलला. “भरलीये. कमरेपर्यंत आलंय. गार आहे. टोक वर चाललंय, मी मागे पडतोय.”

त्याच्या डगल्याची कड कयाकच्या बसायच्या भोकाभोवतीच्या कड्याला घट्ट आवळलेली होती. पाणी कुठूनच जाऊ शकत नव्हतं. माझ्या तोंडावर आलं होतं, कोरडी आहे रे वेड्या! पण मी बघितलं तर त्याच्या मांड्या खरोखर थंडीने थरथरल्यासारख्या कयाकला हलवत होत्या. ते पाणी त्याच्यापुरतं तिथे होतं. मला दिसत नव्हतं म्हणून नव्हतं असं कसं म्हणू?

मी हळू बाजूला आले आणि माझं वल्हं त्याच्या कयाकवर आडवं टाकलं. दोन कयाकांची एक रुंद होडी झाली. मग डाव्या हाताने पाण्यावर थापा मारायला लागले. आभाळ फुटलं. वर्तुळंच वर्तुळं. मी मारतच राहिले, बाहीतून पाणी काखेपर्यंत गेलं.

“कुठून येतं रे ते?” मी विचारलं. काय बोलावं सुचत नव्हतं, आणि मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

त्याने श्वास सोडला. “खालून. आधी पाय गार होतात.”

“मग?”

“मग मला वाटतं, मागे वळून बघितलं तर उलटेन. मग हात माझे राहत नाहीत.”

“किनारा दिसतो का?”

“दिसतो. पण तो चित्रातला असतो. तिथे जाता येत नाही.”

“आणि आत्ता?”

त्याने डोळे टोकावरून काढले आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. “आत्ता तू दिसतेस. केस ओले झालेत तुझे.”

सील केव्हाच निघून गेला होता. आम्ही परत निघालो, मी त्याच्या उन्हाच्या बाजूने, पाणी मुद्दाम ढवळत. अर्ध्या वाटेत तो म्हणाला, “कोणाला सांगू नकोस.” मी म्हटलं, “बरं.”

किनाऱ्यावर सगळे जमले होते. एनोकही पोचला होता. अमालिया पुढे आली. “सुटली ना शिवण? मी म्हणत नव्हते?”

सासूबाईंनी तोंड उघडलं. “हो, शिवणच सु...”

“शिवण चांगली आहे,” बोआस म्हणाला. अजून कयाकमध्येच बसलेला, पाणी कयाकच्या कडेला लपलपत होतं. “कधीच पाणी आलं नव्हतं. मला वाटतं आलंय. मग मला हलता येत नाही. निवांत असलं की होतं.”

टोबियास एकटा हसला, आणि दुसरं कोणी हसलं नाही म्हणून थांबला.

निकोदेमुस खाली वाकून आपला गुडघा चोळत होता. कोणाकडे न बघता म्हणाला, “माझा खांदा दुखतो म्हणून मी सील सोडून कॉड मासे धरायला लागलो, असं सगळ्यांना सांगत आलोय. खांदा चांगला आहे माझा.”

एनोकने बोआसला हात देऊन वर ओढलं.  टोबियासची मान खाली होती. थोड्या वेळाने त्याने आपल्या सीलचा एक मोठा तुकडा कापून आमच्या दारात आणून ठेवला आणि गेला.

मी वळून सासूबाईंकडे बघितलं. त्या बोआसकडे बघत होत्या, जणू तो कोणी अनोळखी माणूस आहे, ज्याचा चेहरा ओळखीचा वाटतो. आणि तेव्हा, त्या क्षणी, मला कळलं. सासरे गेले त्या दिवशीचा समुद्र कसा होता हे मी कधी विचारलंच नव्हतं.

२४ सप्टेंबर

निकोदेमुसला विचारलं. म्हणाला, “त्या दिवशी? काच होती समुद्राची. म्हणून तर शिवणीशिवाय दुसरं कारणच सापडेना.”

जेवताना बोआस म्हणाला, “आई, बाबांचं... ती शिवणच होती ना?”

सासूबाई मांस कापत होत्या. सुरी थांबली नाही. “शिवणच होती. मीच शिवली होती.”

“बरं,” बोआस म्हणाला. त्याने आपल्यापुढची चरबी उचलून त्यांच्या ताटात घातली. मी दोघांकडे आळीपाळीने बघितलं, पण दोघंही खात होते.

भांडी घासताना मी त्यांना एकटं गाठलं. “आई, तुमचा टाका आरपार गेलाच नव्हता.”

“हळू बोल.”

“मी सांगते अमालियाला. सगळ्यांना सांगते. इतकी वर्षं तुम्हाला कोणी...”

“काय सांगशील? बोआसने सांगितलं, ते त्याचं होतं सांगायचं. तुझ्या सासऱ्यांचं सांगायला ते आहेत का इथे?” मग त्यांनी माझे दोन्ही हात आपल्या हातात घेऊन उलटसुलट करून बघितले, कापड बघावं तसे. “त्या दिवशी मी तुझे टाके बघितले ना, माझ्याहून बारीक आहेत. मी बोलले नाही, कारण माझ्या तोंडून कौतुक ऐकलं असतं तर तुझंच नाव खराब झालं असतं.”

त्यांनी टाके तपासले म्हणून मी जुलैमध्ये काय लिहून ठेवलंय ते आत्ता वर वाचलं. खोडणार नाही. पण वाचवत नाही.

१ ऑक्टोबर

अमालिया आली होती. टोबियासच्या भावाची कयाक आजच शिवायची होती. “पुढे तू बस,” म्हणाली. मी सासूबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, “जा. मला बूट संपवायचेत.” गेले. शिवताना माझ्या मनात सारखं यायचं की आत्ता सांगून टाकावं. सांगितलं नाही. माझं असतं तर सांगितलं असतं.

६ ऑक्टोबर

आता मी रोजच जाते त्याच्याबरोबर. गावाला सवय झाली. पोरं ओरडत नाहीत. बोआसने मला हाडाचा गळ करून दिला, लाल चिंधी लावून, वजनाला मऊ दगड कोरून. तो सीलकडे बघतो, मी कॉड धरते, म्हणजे मी काही त्याला राखायला बसलेली नसते. काल मला एवढा मोठा मासा लागला की तो मला ओढत निघाला. बोआस इतका हसला की त्याचंच वल्हं सुटलं हातातून.

निवांत दिवशी त्याला अजून होतं. कधी पाय गार, कधी टोक वर. तो मला तसं सांगतो, “आले पाय,” की मी वल्हं त्याच्या कयाकवर टाकते. मी विचारते, आज कसं होतं? तो सांगतो. रोज थोडं वेगळं असतं. हिवाळ्यापुरती चरबी होईल असं वाटतं. भरपूर नाही, पण होईल.

११ ऑक्टोबर, रविवार

प्रार्थनेनंतर गेलो. थंडी आहे, काठाला पातळ बर्फ धरायला लागलाय. वारा नाही. पाणी इतकं गप्प की आमच्या वल्ह्यांचे थेंब पडलेले ऐकू येत होते.

खाडीबाहेर त्याने अचानक वल्हं थांबवलं. मला वाटलं, आले पाय. मी माझं वल्हं उचललं.

“नको,” तो म्हणाला. “जरा लांब हो.”

“किती?”

“जरा.”

मी मागे सरकले. आमच्या मधलं पाणी हळूहळू शांत झालं आणि त्यात त्याची कयाक उलटी दिसायला लागली. त्याचे खांदे वर आले. मी थांबले. ते खाली गेले.

“अजून?” मी हाक मारली.

 तो आधी टोकाकडे बघत होता, मग समोर.

“तिथेच थांब,” म्हणाला. आणि त्याने वल्हं पाण्यात घातलं, एकट्याने, आणि पुढे गेला.